पडतो आहे, पडला आहे: ओकायामाच्या बोलीचे व्याकरण शिकताना

चेरीच्या झाडाकडे पाहून टोक्योचा माणूस ‘साकुरा गा चित्ते इरु’ असे म्हणतो, तेव्हा पाकळ्या या क्षणी गळत आहेत की गळून जमिनीवर पसरल्या आहेत, हे केवळ त्याच्या वाक्यावरून सांगता येत नाही. प्रमाण जपानीत दोन्ही स्थितींसाठी एकच रूप आहे आणि नेमका अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. ओकायामाचा माणूस मात्र पाकळ्या गळत असतील तर ‘चिऱ्योरु’ म्हणतो आणि गळून पडल्या असतील तर ‘चित्तोरु’ म्हणतो. मराठी वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही, कारण ‘गळत आहेत’ आणि ‘गळल्या आहेत’ हा भेद आपण बोलू लागल्यापासून करत आलो आहोत. नवल वाटावे ते याचे, की हा भेद जपानी भाषेतही आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या जपानीत नाही, आणि प्रमाण भाषा वर्षानुवर्षे घोटलेल्या आमच्यासारख्यांना तो एका बोलीकडून नव्याने शिकावा लागतो.

मी पुण्यात जपानी शिकले आणि दुभाषी म्हणून ओकायामातल्या एका कारखान्यात कामाला आले. पुणेकरांना ओकायामा हे नाव अपरिचित नाही. सिंहगड रस्त्यावरच्या ज्या बागेला आपण पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतो, तिचा आराखडा ओकायामा शहरातल्या कोराकुएन या 1700 साली पूर्ण झालेल्या उद्यानावर बेतलेला आहे. ओकायामाची भाषा मात्र त्या बागेत कानावर पडत नाही आणि जपानीच्या कोणत्याही परीक्षेत ती विचारली जात नाही. होन्शू बेटाच्या पश्चिम भागात, सेतो अंतर्गत समुद्राच्या काठी वसलेला हा सुमारे 18 लाख वस्तीचा प्रांत पूर्वीच्या बिझेन, बित्चू आणि मिमासाका या तीन प्रांतांचा मिळून झालेला आहे. पश्चिम जपानची भाषा म्हटली की ओसाका-क्योतोचे हेल आठवतात, पण ओकायामाचे स्वराघात टोक्योच्या वळणाचे आहेत. त्यामुळे नवख्याला ही बोली आधी ओळखीची वाटते आणि मग वाक्याच्या शेवटी, जिथे जपानी भाषा आपले बहुतेक सगळे व्याकरण राखून ठेवते, तिथे ती हातून निसटते.

‘चिऱ्योरु’ आणि ‘चित्तोरु’ या दोन रूपांची घडण समजली की बोलीचा अर्धा गाभा हाती येतो. पश्चिमेकडच्या बोलींत सजीवांच्या असण्याचे क्रियापद ‘इरु’ हे नसून ‘ओरु’ हे आहे. मुख्य क्रियापदाच्या जोडरूपाला हे ‘ओरु’ थेट चिकटले की चालू क्रिया सांगणारे रूप तयार होते. ‘करून’, ‘पडून’ अशा अर्थाच्या, ‘ते’ने संपणाऱ्या रूपाला ते चिकटले, तर क्रिया होऊन गेल्यावर उरलेली स्थिती सांगणारे रूप तयार होते. पावसाच्या बाबतीत पहिल्यातून ‘फुरि-योरु’ आणि दुसऱ्यातून ‘फुत्ते-ओरु’ निघते, आणि ओकायामाच्या तोंडी ती ‘फुऱ्योरु’ आणि ‘फुत्तोरु’ अशी आटतात. मराठीत ‘पडतो आहे’चे ‘पडतोय’ आणि ‘पडला आहे’चे ‘पडलाय’ होते, तीच ही प्रक्रिया आहे. मराठी आणि जपानी यांचे कुळाचे काही नाते नाही, तरी दोघींनीही ‘असणे’ हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदात इतके मुरवून घेतले आहे की बोलणाऱ्याला ते वेगळे जाणवतही नाही.

हे आटणे वाटेल तसे होत नाही. जोडरूपाच्या शेवटी ‘इ’ असो वा ‘ए’, पुढच्या ‘यो’मध्ये तो स्वर विरून जातो आणि ‘ओ’ लांबतो. ‘योमि’चे ‘योम्योरु’ होते, ‘काकि’चे ‘काक्योरु’ होते, ‘ताबे’चे ‘ताब्योरु’ होते आणि ‘करणे’ या अर्थाच्या ‘शि’चे नुसते ‘शोरु’ होते. हा नियम मला कोणी सांगितला नाही. ऐकलेली रूपे वहीत एकाखाली एक लिहीत गेल्यावर तो दिसू लागला, आणि एकदा दिसल्यावर पूर्वी न ऐकलेल्या क्रियापदाचे रूपही मला आधी बांधता येऊ लागले. ऐकणाऱ्यांनी ते रूप न अडखळता स्वीकारले, याचा मला झालेला आनंद परीक्षेतल्या कोणत्याही गुणांहून मोठा होता. सेतो समुद्राच्या पलीकडे तोसात, म्हणजे आजच्या कोचीत, याच जोडीचे ‘फुरियू’ आणि ‘फुच्चू’ होते, तर क्यूशूतल्या हाकाताकडे ‘फुरियो’ आणि ‘फुत्तो’ होते. ध्वनी बदलतात, भेद टिकतो.

कारखान्यात हा भेद केवळ अभ्यासाचा राहत नाही. ‘किकाइ गा तोमाऱ्योरु’ म्हणजे यंत्र थांबत चालले आहे आणि ‘तोमात्तोरु’ म्हणजे यंत्र बंद पडलेले आहे. प्रमाण जपानीतल्या ‘तोमात्ते इरु’मध्ये फक्त दुसरा अर्थ आहे, पहिला सांगायचा असेल तर वेगळी शब्दयोजना करावी लागते. तेलाची नळी ‘मोऱ्योरु’ असेल तर तेल आत्ता गळते आहे आणि धावत जाऊन झडप बंद करायला हवी. ‘मोरेतोरु’ असेल तर तेल गळून सांडलेले आहे आणि आता पुसण्याची व चौकशीची वेळ आहे. हे मराठीत सांगताना मला क्षणभरही थांबावे लागत नाही, कारण ‘गळतंय’ आणि ‘गळलंय’ हे शब्द तयारच असतात. मराठीतून जपानीत जाताना प्रमाण भाषेचा रस्ता धरला, तर मात्र हा भेद वाटेत सांडतो आणि पुन्हा संदर्भाने भरून काढावा लागतो. अनुभवी कामगार आपसात बोलताना प्रमाण भाषेकडे का वळत नाहीत, याचे एक साधे कारण मला इथे सापडले: त्यांच्या बोलीत हातातले काम अधिक नेमके सांगता येते.

‘योरु’चा विस्तार चालू क्रियेपुरता नाही. पश्चिमेकडच्या अनेक बोलींत तो घडू घातलेल्या क्रियेलाही लागतो. पाण्यावर कलंडलेला मासा अजून तडफडत असेल तर तो मरतो आहे, असे या रूपाने सांगता येते, आणि मेला असेल तर ‘तोरु’चे रूप वापरावे लागते. प्रमाण भाषेतल्या ‘शिन्दे इरु’चा अर्थ मात्र ‘मेलेला आहे’ एवढाच होतो. कपाटाच्या कडेवरची वस्तू अजून पडलेली नाही, पण पडण्याच्या बेतात आहे, तेव्हाही ‘योरु’ चालतो आणि भूतकाळात तो ‘पडता पडता राहिली’ असा अर्थ देऊ शकतो. शिवाय भूतकाळातच तो जुनी सवय सांगतो: लहानपणी आम्ही या नदीत पोहत असू, यातल्या ‘पोहत असू’चे काम तोच करतो. मराठीत ही कामे ‘पडतो आहे’, ‘पडायला आला आहे’, ‘पडता पडता राहिला’ आणि ‘पोहत असू’ अशी चार ठिकाणी वाटलेली आहेत. म्हणजे मराठी माणसाला पहिली पायरी फुकट मिळते, पण पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. साम्य दिसले की सगळेच सारखे असेल असे मन धरून चालते, आणि तिथेच अधिक लक्ष द्यावे लागते.

‘तोरु’मध्येही एक बारकावा आहे. शिकोकू बेटावरच्या उवाजिमाच्या बोलीचा भाषाशास्त्रज्ञ कुदो मायुमी यांनी या अंगाने सखोल अभ्यास केला आहे, आणि त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या रूपाने माणूस मागे उरलेल्या खुणेवरून घडून गेलेल्या क्रियेबद्दल बोलू शकतो. खोलीत कोणी नाही आणि खिडकी सताड उघडी आहे, एवढे पाहून ‘कोणीतरी खिडकी उघडली आहे’ असे म्हणताना ‘आकेतोरु’ येते. क्रिया डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिचा पुरावा पाहिला आहे. सकाळी ओली जमीन पाहून म्हटलेले ‘फुत्तोरु’ याच जातीचे आहे. बोलणाऱ्याला हे कसे कळले, याची नोंद क्रियापदाच्या शेपटीत ठेवणारी ही व्यवस्था मला विलक्षण सुंदर वाटते.

पुण्यात शिकलेल्या माणसाला अडसर होतो तो मुळातल्या ‘ओरु’चाच. प्रमाण जपानीच्या आदरार्थी व्यवस्थेत ‘ओरु’ हे नम्रतेचे क्रियापद आहे. ते स्वतःसाठी किंवा आपल्या माणसांसाठी वापरायचे, समोरच्या आदरणीय व्यक्तीसाठी कधीही नाही, हा नियम आमच्याकडून पक्का करून घेतलेला असतो. ओकायामात साहेब जागेवर आहेत का, हे विचारतानाही साधा ‘ओरु’ येतो आणि कोणाचा अवमान होत नाही, कारण इथे तो नम्रतेचा शब्द नाही, असण्याचा नेहमीचा शब्द आहे. जपानी चित्रपट आणि कार्टून पाहून भाषेकडे वळलेल्या तरुणांची अडचण वेगळी असते. त्यांनी ‘ओरु’ आणि ‘आहे’ या अर्थाचा ‘जा’ ही दोन्ही रूपे पांढऱ्या दाढीच्या शास्त्रज्ञांच्या आणि वृद्ध गुरूंच्या तोंडी ऐकलेली असतात, त्यामुळे विशीतली ओकायामाची मुलगी ‘सो जा’ (‘तसंच आहे’) म्हणाली की त्यांना ती नाटकी वाटते. किन्सुइ सातोशी या भाषाशास्त्रज्ञाने कथांमधल्या अशा ठरीव भाषेचा उगम शोधला आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, टोक्योची बोली अजून प्रतिष्ठित व्हायची होती, तेव्हा तिथले वयस्क आणि विद्वान लोक पश्चिमेकडची भाषा धरून होते, आणि रंगभूमीने व कथांनी ती म्हाताऱ्यांची भाषा म्हणून गोठवली. जी रूपे कथेत गोठली, ती ओकायामात रोजच्या व्यवहारात आहेत.

टोक्योची भाषा प्रमाण कशी झाली, याला इतिहास आहे. उएदा काझुतोशी यांनी 1895 मध्ये सुशिक्षित टोक्योकरांच्या बोलण्यावर प्रमाण भाषा उभारावी असा विचार मांडला. 1902 मध्ये सरकारने राष्ट्रभाषा तपासणी समिती नेमली आणि तिने देशभरातल्या बोलींच्या व्याकरणाची माहिती गोळा केली. 1906 च्या अहवालात या समितीने म्हटले की देशाच्या भाषेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पाडायचे झाले, तर ती रेषा एत्चू, हिदा, मिनो आणि मिकावा या जुन्या प्रांतांच्या पूर्व सीमेवरून जाईल. या रेषेच्या पूर्वेला नकार ‘नाइ’ने होतो, पश्चिमेला ‘न’ने. पूर्वेला ‘दा’, पश्चिमेला ‘जा’ किंवा ‘या’. पूर्वेला ‘पांढरा’ या अर्थाच्या विशेषणापासून ‘शिरोकु’ असे क्रियाविशेषण बनते, पश्चिमेला ‘शिरो’ असे. आज्ञार्थही वेगळे आहेत. ही यादी पाहिली की ध्यानात येते की रेषेच्या दोन बाजूंना फरक आहे तो व्याकरणाच्या सांगाड्यात, चार वेगळ्या शब्दांत नाही. त्याच प्रमाणीकरणाच्या ओघात काही भागांतल्या शाळांमध्ये बोलीत बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवली जाई. ओकिनावातल्या या पाट्यांची आठवण तिथल्या लोकांनी आजही जपली आहे.

हे वाचताना मला माझे अकोल्याचे बालपण आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या घरी ‘काय करून राह्यली?’ असे विचारत आणि ‘जेवून राह्यलो’ असे उत्तर मिळे. पुण्यात आल्यावर ही रूपे चूक आहेत, असे मला अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितले, आणि मीही ती बोलण्यातून काढून टाकली. ओकायामात ‘ओरु’चा माग काढताना मला ती परत दिसली. वऱ्हाडीने चालू क्रियेसाठी ‘राहणे’ घेतले आहे, पश्चिम जपानने ‘ओरु’ घेतले आहे, आणि दोन्ही मुळात एका जागी वास्तव्य करून असण्याची क्रियापदे आहेत. ‘जेवून राह्यलो’ हे मोडलेले मराठी नाही; चालू क्रिया सांगण्याची ती एक पूर्ण, नियमबद्ध रीत आहे. हे मला पटवून द्यायला जपानातली एक बोली यावी लागली, याचे दुःख वाटते आणि ती आली याचा आनंदही होतो. आता घरी फोनवर मी ती रूपे पुन्हा वापरते.

शक्यतेच्या नकाराने मला ‘योरु-तोरु’च्या जोडीइतकेच खिळवून ठेवले. प्रमाण जपानीत ‘योमेनाइ’ म्हटले की वाचता येत नाही एवढेच कळते. अक्षर येत नाही म्हणून, की खोलीत अंधार आहे म्हणून, ते कळत नाही. पश्चिमेकडे माणसाच्या आतल्या असमर्थतेसाठी नकारापुढे ‘यो’ हे क्रियाविशेषण येते: ‘यो योमान’ म्हणजे मला ते वाचण्याची ताकद, कला किंवा धीर नाही. बाहेरची परिस्थिती आड येत असेल तर ‘योमेन’ किंवा जुन्या माणसांच्या तोंडी ‘योमारेन’ येते. मराठीत ‘अंधारामुळे वाचता येत नाही’ आणि ‘ते पत्र माझ्याने वाचवत नाही’ यांत जे अंतर आहे, ते इथे जवळजवळ तसेच्या तसे भेटते. एखाद्याला तोंडावर नाही म्हणण्याची हिंमत होत नाही, तेव्हा ‘यो इवान’ म्हणतात, आणि त्यासाठी आपल्या ‘बोलवत नाही’पेक्षा जवळचे काही मला सुचत नाही. क्यूशूत हेच काम ‘किरु’ हे वेगळे साधन करते. एका देशात माणसाची असमर्थता आणि परिस्थितीची आडकाठी वेगळी ठेवण्याच्या इतक्या रीती असाव्यात आणि प्रमाण भाषेत त्यातली एकही नसावी, हे मला फार बोलके वाटते.

या व्याकरणाचे शिकवणीवर्ग नाहीत. निवृत्तीला आलेल्या एका सहकाऱ्याला मी माझ्या वहीतली रूपे तपासून द्यायची विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, ‘बुम्पो याको, आऱ्यासेन’, म्हणजे इथे व्याकरण वगैरे काही नाही. त्या छोट्या वाक्यात ‘वगैरे’साठी ओकायामाचे खास ‘याको’ होते आणि ठासून नकार देणारे ‘आऱ्यासेन’ होते, ज्यात ‘आरि’ हे जोडरूप, त्यावरचा ‘वा’ हा प्रत्यय आणि ‘करत नाही’ या अर्थाचे ‘सेन’ मिसळून एक झाले आहेत. मी ते वाक्य त्यांच्यासमोर सुटे करून दाखवले. त्यांनी वही हातात घेतली, आणि त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःहून एकेक जोडी घेऊन येऊ लागले. बोलणाऱ्याला नियम सांगता येत नाही, पण चुकीचे रूप तो तत्क्षणी ओळखतो. म्हणून ‘हे का?’ असे विचारण्यापेक्षा दोन रूपे पुढे ठेवून ‘यातले केव्हा कोणते?’ असे विचारणे अधिक फलदायी ठरते.

राष्ट्रीय भाषासंशोधन संस्थेने 1989 ते 2006 या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेले बोलींच्या व्याकरणाचे नकाशे हा माझा दुसरा आधार. देशभरातल्या 807 ठिकाणच्या वयस्क लोकांना एकच वाक्य त्यांच्या बोलीत कसे म्हणतात, हे विचारून ते तयार झाले. चेरीच्या पाकळ्यांचे वाक्यही त्यात दोनदा विचारलेले आहे, एकदा गळत असताना आणि एकदा गळून गेल्यावर. दोन नकाशे शेजारी ठेवले की पूर्वेकडे एकच खूण सर्वदूर दिसते आणि पश्चिमेकडे दोन वेगळ्या खुणा दाटीने उमटतात. मध्ये ओसाका आहे, जिथे ‘योरु’ने चालू क्रियेचे काम सोडून तिसऱ्या माणसाविषयीची तुच्छता दाखवण्याचे काम पत्करले आहे. ओकायामाहून ओसाका आगगाडीने तासाभरापेक्षाही कमी अंतरावर आहे, आणि एवढ्या अंतरात तेच रूप निरुपद्रवी माहितीवरून हेटाळणीवर जाते. दुभाष्याने हे विसरून चालत नाही.

पुण्याहून नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आता पहिल्या आठवड्यात ही रूपे शिकवते. बोलीतले गमतीचे शब्द त्यांना कोणीही सांगतो. ‘फार’ या अर्थाचा ‘देरे’ तर ती पहिल्या संध्याकाळीच उचलतात. स्वरांचे मिलन मी लवकर आटोपते: ‘आकाइ’चे ‘आके’, ‘सामुइ’चे ‘सामी’, ‘ओसोइ’चे ‘ओसे’. ‘तोरु’ आणि ‘योरु’ला मात्र सगळा वेळ देते आणि तो मराठीतून देते, कारण ‘पडतोय’ आणि ‘पडलाय’ म्हणायला सांगितले की त्यांचे चेहरे उजळतात. तरुण ओकायामाकरांच्या बोलण्यात ‘तोरु’ हळूहळू ‘योरु’च्या जागेत शिरतो आहे, हेही सांगते; तरीही ‘नानि शोन?’, म्हणजे ‘काय करतोयस?’, हा प्रश्न त्यांना त्यांच्याच वयाच्या मुलांकडून रोज ऐकू येतो. त्यानंतर येते ‘ताबेरारे’. पाठ्यपुस्तक घोटलेल्याला ते अर्धवट तुटलेले कर्मणी रूप वाटते आणि तो पुढच्या अक्षरांची वाट पाहत थांबतो, पण ओकायामात ते ‘जेवा ना’ असे प्रेमळ, आदराचे आर्जव आहे आणि तिथेच पूर्ण होते. शेजारच्या आजी ताट पुढे करून असे म्हणाल्या, तर उत्तर लगेच द्यायचे असते.